जुन्या गाड्या, नव्या गाड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी कुठेही उभी केली की पाच मिनिटांत कोणी ना कोणी जवळ येतं. बॉनेटवरून हात फिरवतं, काचेतून आत डोकावतं आणि मग प्रश्न सुरू होतात. गेली कित्येक वर्षं साधारण तेच प्रश्न, फक्त माणसं वेगळी. रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या त्यांची उत्तरं धड देता येत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. माझी गाडी १९६०च्या दशकातली, चार दारांची, चार सिलिंडरची, एका कार्बोरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). त्या काळात साध्या कुटुंबाकडे असायची तशी. तिच्या शेजारी एक आजच्या काळातली गाडीही उभी असते आणि रोजच्या कामाला मी तीच काढतो. त्यामुळे दोन्हींबद्दल जे लिहितो ते चालवून लिहितो.

व्हिंटेज, क्लासिक, व्हेटरन... नक्की काय म्हणायचं?

जुनी दिसली की 'व्हिंटेज' म्हणून मोकळं व्हायची सवय पडली आहे, पण या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. ब्रिटनमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची कालगणना बहुतेक ठिकाणी मानली जाते. तिच्यानुसार १९१९ ते १९३० या काळात तयार झालेली गाडी ती व्हिंटेज. त्याआधीची, १९०५ ते १९१८ मधली, एडवर्डियन. १९०५च्याही आधीची असेल तर व्हेटरन. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनहून ब्रायटनला जी फेरी निघते, तिच्यात या १९०५ पूर्वीच्याच गाड्या धावतात.

'क्लासिक' हा शब्द त्या मानाने सैल आहे. अमेरिकेतला क्लासिक कार क्लब १९१५ ते १९४८ मधल्या निवडक उंची गाड्यांनाच तो मान देतो, बाकीचे लोक मात्र साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांनाही सर्रास क्लासिक म्हणतात. फिव्हा ही जागतिक संघटना 'ऐतिहासिक वाहन' असा शब्द वापरते: किमान ३० वर्षं जुनं, मूळ स्वरूपाला धरून राखलेलं आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरलं जाणारं. मला ही व्याख्या सगळ्यांत पटते, कारण ती वयाबरोबर राखणीचाही विचार करते. माझी गाडी क्लासिक आहे, व्हिंटेज नाही, हे मी दर वेळी सांगतो. शब्द नीट वापरले की १९२५ सालच्या गाडीचं मोल आपोआप कळतं.

जुना काळ कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला?

मला विचाराल तर १९५९ साली. हे माझं मत आहे, पण त्या एका वर्षात काय काय घडलं ते बघा. शेवरोलेची बेल एअर आणि कॅडिलॅक त्या वर्षी मागे प्रचंड पंख लावून आल्या. पत्र्याच्या आणि क्रोमच्या हौसेचा तो कळस होता. त्याच वर्षी व्होल्वोने नील्स बोलिन या अभियंत्याने तयार केलेला तीन बिंदूंचा सीटबेल्ट गाडीत बसवून द्यायला सुरुवात केली आणि त्याचं पेटंट इतर कंपन्यांना खुलं ठेवलं. त्याच वर्षी मर्सिडीजच्या नव्या गाडीत बेला बारेन्यी यांची कल्पना उतरली: पुढचा आणि मागचा भाग टकरीत मुद्दाम चुरगळेल असा बांधायचा आणि मधली माणसांची जागा टणक ठेवायची. आणि त्याच वर्षी अॅलेक इसिगोनिस यांची मिनी आली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली ऑईलच्या डब्यातच, चाकं फक्त १० इंची, पूर्ण गाडी जेमतेम ३ मीटरची आणि तरी आत चार माणसं बसायची. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं आणि पुढच्या चाकांना जोर देणारं असतं. ते घराणं मिनीने रुजवलं.

म्हणजे आज आपण ज्याला 'नवी गाडी' म्हणतो तिचा पाया जुन्याच माणसांनी घातला आहे. म्हणूनच मला जुने विरुद्ध नवे हा वाद कधी नीट कळला नाही. एकाच घरातल्या पिढ्या आहेत या.

जुन्या गाडीत असं काय आहे, जे नव्या गाडीत मिळत नाही?

सकाळी माझी गाडी सुरू होताना एकदा बघा. आठवडाभर उभी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. आधी चोक पूर्ण ओढायचा. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. मग सेल्फ मारायचा. पंप वाटी भरेपर्यंत काही सेकंद नुसताच घरघराट. मग एक सिलिंडर बोलतं, मागून दुसरं, आणि एकदम चारही. आता पायाखाली इंजिन थरथरतंय, मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतोय. हात चोकवरच ठेवायचा आणि इंजिन जसं तापेल तसा तो बोटभर बोटभर आत ढकलत न्यायचा. घाई केली तर बंद पडते, विसरलात तर प्लग काळे होतात. किती आत ढकलायचा हे कुठे लिहिलेलं नाही, कानाने ठरवायचं.

नव्या गाडीत हेच काम होतं. तापमानाचा सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो, सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर जळून उरलेल्या वायूतला प्राणवायू मोजतो आणि संगणक दर क्षणाला पेट्रोलचं माप बदलतो. माझ्या कानापेक्षा ते कितीतरी अचूक असतं. फक्त त्यात मला जागा नसते. जुन्या गाडीला चालवणाऱ्याची गरज असते आणि ती गरज हाताला, पायाला, कानाला सतत जाणवत राहते. मला जे मिळतं ते हेच.

म्हणजे नव्या गाड्यांत मजा नाही?

असं मी म्हणणार नाही. १९८९ साली माझदाने एमएक्स-५ आणली तेव्हा तिचं वजन एक टनाच्या आत ठेवलं आणि स्टेअरिंगमधून रस्ता हाताला कळेल याची काळजी घेतली. ती काही पुरातन गाडी नव्हती. मजा वयात नसते. वजन, आतून चौफेर दिसणं आणि हाताला मिळणारी खबर यांत असते. अलीकडच्या गाड्या जड झाल्या, रुंद झाल्या, आवाज आत येऊ देत नाहीत. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब इतके जाड झाले आहेत की वळणावर पायी चालणारा माणूस त्यांच्याआड लपतो. पण गाडी उलटली तर छप्पर त्याच खांबांवर पेलतं. माझ्या जुन्या गाडीचे खांब अंगठ्याएवढे वाटतात, चौफेर लख्ख दिसतं, आणि ती उलटली तर काय होईल याचा विचार मी करू इच्छित नाही.

जुना पत्रा जाड असायचा. मग जुनी गाडीच जास्त मजबूत आणि सुरक्षित नाही का?

हा गैरसमज मला मनापासून खोडून काढायचा आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक जिवाशी खेळतात.

२००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एक चाचणी घेतली. १९५९ सालची बेल एअर आणि २००९ सालची मालिबू, दोन्ही शेवरोलेच्याच, ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर अर्धवट बाजूने आदळवल्या. तिचं चित्रण मी अनेकदा पाहिलं आहे आणि दर वेळी पोटात गोळा येतो. जुन्या गाडीचा पुढचा भाग तर गेलाच, पण माणूस बसतो ती जागाही कोसळली. दार उघडं पडलं, स्टेअरिंगचा दांडा आत आला. मालिबूचं नाक पूर्ण चुरगळलं, पण दरवाज्याची चौकट जागच्या जागी राहिली. नव्या गाडीतला माणूस पायाच्या किरकोळ दुखापतीवर सुटला असता. जुन्या गाडीतला वाचणं कठीण होतं.

कारण सोपं आहे. टकरीची ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. नव्या गाडीत ती पुढचा पत्रा घडीघडीने मुडपण्यात खर्च होते आणि माणसाला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. जुन्या गाडीत पत्रा जाड, पण त्याच्या मागची रचना हा विचार करून केलेलीच नाही. मग धक्का थेट आत येतो. त्यात बेल्ट नाही, एअरबॅग नाही, समोर लोखंडी डॅशबोर्ड आणि छातीसमोर भाल्यासारखा सरळ दांडा. 'टणक' आणि 'सुरक्षित' हे दोन वेगळे शब्द आहेत.

मग तुम्ही मुलांना जुन्या गाडीत बसवता का?

मोठ्या रस्त्यावर नाही. ओळखीच्या, कमी वाहतुकीच्या रस्त्यावर, सावकाश, बेल्ट लावून, कधीतरी. लांबच्या प्रवासाला घरच्यांसाठी नवीच गाडी.

सीटबेल्ट नंतर लावता येतो का? आणखी काय बदल करावेत?

लावता येतो आणि लावावाच, पण नुसत्या पातळ पत्र्याला भोक पाडून नट आवळला तर धक्क्यात तो पत्र्यासकट उपटून येईल. मागून जाड पट्टी जोडून, जाणकार माणसाकडून करून घ्या.

दुसरी गोष्ट ब्रेकची. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक ऑईलची एकच वाट असते. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. नव्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा असतात, एक गेली तरी दुसरी धरते. म्हणून माझ्या गाडीच्या रबरी नळ्या मी तडा दिसायची वाट न बघता बदलतो आणि ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी. ते ऑईल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मिसळलं की लवकर उकळतं आणि लांब उतारावर पेडल एकदम पोकळ होतं.

टायरवरची नक्षी बघून फसू नका. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे असतात: '३५१९' म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर कडक होतं, पावसात पकड सोडतं.

यापलीकडे मी काही बदलत नाही.

ती चालवायला वेगळं शिकावं लागतं का?

किती जुनी यावर आहे. माझी गाडी कोणीही दहा मिनिटांत चालवायला लागेल, फक्त स्टेअरिंग जड आहे आणि ब्रेक आधीपासून दाबायला लागतो. पण फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनल्या, आणि आजचा निष्णात चालकही तिच्यात बसला की गोंधळेल. पायाशी तीन पेडल असतात, पण डावं गिअरचं, मधलं मागे जाण्याचं आणि उजवं ब्रेकचं. अॅक्सिलरेटर पायाशी नसतोच, तो स्टेअरिंगखालच्या दांडीत असतो. पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल आपोआप उतारावरून इंजिनकडे जातं. त्यामुळे फार चढ आला आणि टाकीत थोडंच पेट्रोल असलं की इंजिन उपाशी राहायचं. अशा वेळी लोक गाडी वळवून चढ उलटा, रिव्हर्समध्ये चढायचे.

विसाच्या दशकातल्या इतर गाड्यांत गिअर टाकताना दोनदा क्लच दाबावा लागतो. कॅडिलॅकने १९२८ साली सिंक्रोमेश आणला, तोवर दोन दात्यांचा वेग चालवणाऱ्याने स्वतः जुळवायचा. चुकलं की कर्रर्र. जमलं की गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो, आणि तो क्षण एकदा अनुभवलेला माणूस ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला नावं ठेवत नसला तरी त्याच्या मनात ही आठवण राहतेच.

वाटेत बंद पडली तर?

पडते. एका संध्याकाळी पावसात चढावर माझी गाडी मिसिंग मारायला लागली आणि थांबली. पेट्रोल येत होतं. प्लगची वायर काढून पाहिली तर ठिणगी मरतुकडी. प्रत्येक प्लगला वेळेवर वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, टॉर्च तोंडात धरला. पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा खटका, जेमतेमच उघडत होते. त्यांना उघडणाऱ्या मधल्या फिरत्या उंचवट्याला, म्हणजे कॅमला, बोटभर ग्रीस लावायचं मी मागच्या वेळी विसरलो होतो. पॉइंटची टाच घासून झिजली होती आणि फट जवळजवळ मिटली होती. फट मोजायचं फीलर गेज घरी राहिलेलं. खिशात एक व्हिजिटिंग कार्ड होतं. ते मधे धरून फट साधारण ०.४ मिलिमीटरला बसवली, स्क्रू आवळला. पहिल्या सेल्फला सुरू. एक पेचकस आणि एक पुठ्ठ्याचा तुकडा, पंधरा मिनिटांचं काम.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्या गाडीत पॉइंट नसतातच. हा बिघाड तिच्यात होणारच नाही, आणि लाखभर किलोमीटर ती या बाबतीत हूं की चूं करणार नाही. पण ज्या दिवशी ती थांबेल त्या दिवशी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागेल आणि मला तिच्याकडे नुसतं बघत बसावं लागेल.

या बाबतीत सगळ्या गाडीवाल्यांनी बेर्ता बेन्झ यांचं नाव लक्षात ठेवावं. कार्ल बेन्झ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या मोटारगाडीचं पेटंट मागितलं, पण लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्ता बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या, सुमारे १०० किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. एका उघड्या पडलेल्या वायरीवर मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तेव्हा वाटेत बूट शिवणाऱ्याकडून त्यावर कातडं ठोकून घेतलं. इंधन संपलं तर विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोईन हे पेट्रोलसारखं द्रावण विकत घेतलं. पहिला लांबचा मोटारप्रवास आणि पहिली रस्त्यावरची दुरुस्ती, दोन्ही एकाच बाईंच्या नावावर आहेत.

आजचं पेट्रोल जुन्या गाडीला चालतं का?

चालतं, पण दोन गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली शिशाची. १९२१ साली थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की इंजिनाची 'ठकठक' थांबते हे सापडलं आणि पुढची अनेक दशकं जगभर तेच पेट्रोल विकलं गेलं. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप) आणि त्याच्या बैठकीच्या मधे उशीसारखा राहायचा, म्हणून जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका मऊ बिडाच्याच ठेवल्या तरी भागत असे. शिसं गेल्यावर सतत जोरात चालवलेल्या गाड्यांत त्या बैठका खचू लागल्या. इंजिनचं काम निघेल तेव्हा कडक पोलादी बैठका बसवून घ्याव्यात, तोवर टॅपेटची (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाची) फट तपासत राहावी. फट कमी होत गेली तर बैठक खचते आहे असं समजा. शिसं गेलं हे फार चांगलं झालं, हे जुन्या गाडीचा मालक म्हणूनच सांगतो. मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारं विष होतं ते. २०२१ साली अल्जीरियातली विक्री थांबली आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपलं.

दुसरी गोष्ट इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात, आणि गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल पाणीही शोषतं. गाडी महिनोनमहिने उभी राहिली तर ते पाणी खाली बसून टाकी आतून गंजवतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मिळतात. सगळ्या बदलून टाका, एकही जुनी ठेवू नका.

आणि ऑईल?

महागातलं म्हणजे चांगलं असं नाही. जुन्या इंजिनात कॅम आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासतात आणि त्यांना जस्त-फॉस्फरसचं रसायन जास्त असलेलं ऑईल लागतं. नव्या ऑईलमध्ये ते कमी केलं आहे, कारण फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा भाग, निकामी होतो. डब्यावर 'क्लासिक इंजिनसाठी' असं पाहून घ्या.

जुन्या गाड्या प्रदूषण करतात. त्या रस्त्यावर असाव्यात का?

करतात. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, एका किलोमीटरला ती जो धूर सोडते तो आजच्या गाडीच्या कितीतरी पट घाण आहे. 'नवी गाडी बनवतानाही प्रदूषण होतंच' हा युक्तिवाद खरा असला तरी त्याच्याआड मला लपायचं नाही. माझं उत्तर साधं आहे: ती वर्षाला फार थोडी चालते, ट्यूनिंग नीट ठेवतो, धूर काळा झाला तर ती जागेवरून हलत नाही. कोंदट शहरांनी जुन्या गाड्यांना काही भागांत मज्जाव केला तर मी तक्रार करणार नाही. रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर चालवता आली तरी मला पुरे आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल तुमचं मत?

चांगलं आहे. लोकांना आश्चर्य वाटतं, पण इलेक्ट्रिक गाडी ही नवी गोष्ट नाहीच. ताशी १०० किलोमीटरचा वेग सगळ्यांत आधी ओलांडला तो एका इलेक्ट्रिक गाडीने. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय झेनात्सी या बेल्जियन चालकाने पॅरिसजवळ टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीतून ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. त्या काळात पेट्रोलच्या गाडीला हँडल मारायला लागायचं, इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. इलेक्ट्रिक गाडी नुसती खटका दाबून निघायची. १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि पेट्रोलचं ते एक मोठं लंगडेपण गेलं. इलेक्ट्रिक मोटरनेच पेट्रोलच्या गाडीला जिंकून दिलं म्हणा ना.

मग जुन्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर बसवली तर?

ज्या गाडीचं इंजिन कायमचं गेलं आहे, सुटे भाग कुठेच मिळत नाहीत आणि जी एरवी भंगारात जाणार, तिच्या बाबतीत मी समजू शकतो. चालत्या, मूळ इंजिनच्या गाडीत मात्र अजिबात नाही. इंजिन हा गाडीचा स्वभाव आहे. तो काढला की उरतो तो कोट. फिव्हाही अशा बदललेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानत नाही आणि केलेला कोणताही बदल परत फिरवता यावा असा आग्रह धरते. करायचंच असेल तर पत्रा कापू नका, मूळ इंजिन आणि गिअरबॉक्स तेल लावून, गुंडाळून जपून ठेवा.

गाडी अगदी नव्यासारखी करावी की जुनी दिसू द्यावी?

मी मत बदललं आहे. आधी मला आरशासारखा रंग आवडायचा. मग एकदा एका कधीच न रंगवलेल्या गाडीचं दार उघडायला मिळालं. हँडलच्या मागे, जिथे पन्नास वर्षं कोणाचीतरी बोटं लागली, तिथला रंग झिजून खालचा लालसर प्रायमर दिसत होता. सीटच्या डाव्या कडेची शिवण बसून बसून चपटी झाली होती. हे कुठल्याही पेंटरला करता येणार नाही. एकदा घासून काढलं की गेलं ते गेलं.

म्हणून आता माझा नियम असा: जे सुरक्षेसाठी लागतं ते करा, गंज थांबवा, आणि उरलेलं शक्य तितकं असू द्या. जिथे पत्रा सडला आहे तिथे तो नवा घालावाच लागतो, पण पूर्ण गाडी उघडून नवी करण्याची हौस फार जपून करावी.

आजच्या गाड्या पन्नास वर्षांनी क्लासिक होतील का?

या प्रश्नाने मला खरोखर अस्वस्थ करून सोडलं आहे.

१९२०च्या दशकातल्या गाडीचा एखादा दाता तुटला तर चांगला लेथवाला तो आजही घडवून देतो. नमुना हातात असतो, लोखंड सगळीकडे मिळतं. पोर्शेने २०१८ साली जाहीर केलं की ९५९ या दुर्मिळ गाडीची क्लचची एक दांडी ते थ्रीडी प्रिंटिंगने धातूत बनवून देतात. म्हणजे धातूचा प्रश्न सुटतो आहे, उलट पूर्वीपेक्षा सोपा होतो आहे.

संगणकाचं तसं नाही. आजच्या गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट असतात आणि ती एकमेकांशी बोलतात. बॉशने १९८६ साली मांडलेली कॅन ही संवादाची पद्धत आता सगळीकडे आहे. खिडकीची काच वर करायलाही एका युनिटने दुसऱ्याला निरोप द्यावा लागतो. अनेक भाग त्याच एका गाडीशी सांकेतिक पद्धतीने जोडलेले असतात. दुसऱ्या गाडीतला काढून बसवला तर गाडी ओळखत नाही. आतली प्रणाली कंपनीकडेच असते. कंपनीने आधार देणं थांबवलं, सर्व्हर बंद झाले, मोबाईलचं जुनं नेटवर्क गेलं, की गाडीचे काही अवयव निकामी. पत्रा ठणठणीत, इंजिन उत्तम, आणि तरी गाडी उभी.

माझं म्हणणं असं की एखादं मॉडेल बंद झाल्यावर ठरावीक वर्षांनी त्याची दुरुस्तीची माहिती आणि प्रणाली खुली व्हावी, जशी जुन्या गाड्यांची वर्कशॉप मॅन्युअल आजही छापील मिळतात. तसं झालं नाही तर आपल्या नातवंडांना १९३० सालची गाडी चालताना दिसेल आणि २०२५ सालची फक्त उभी दिसेल.

टचस्क्रीन?

ब्यूक या अमेरिकन कंपनीने १९८६ साली रिव्हिएरा गाडीमध्ये टचस्क्रीन दिला होता, तेव्हाही चालकांची नजर रस्त्यावरून हटते अशी तक्रार झालीच होती. बटण बोटाला अंधारातही सापडतं. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून पूर्ण तारे हवे असतील तर इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणं असावीत अशी अट घातली आहे, याचा मला फार आनंद झाला.

गुंतवणूक म्हणून जुनी गाडी घ्यावी का?

नको. फेरारीच्या २५० जीटीओ फक्त ३६ बनल्या, त्यांची गोष्ट वेगळी. साध्या जुन्या गाडीत घातलेले कष्ट आणि पैसा विकताना भरून निघत नाहीत. आवडत असेल तर घ्या.

पहिली जुनी गाडी घेताना काय बघायचं?

पत्रा, पत्रा आणि पुन्हा पत्रा. इंजिन बांधून मिळतं, सडलेला सांगाडा नीट करणं हे दहापट काम आहे. दारांखालचा उंबरठा, चाकांच्या वरची कमान, पुढच्या काचेचा खालचा कोपरा, डिकीतली स्टेपनीची जागा, पायाखालचं मॅटिंग उचलून खालचा पत्रा, हे सगळं हाताने चाचपा. खिशात पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

मग गाडी पूर्ण थंड असताना सुरू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने ती तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. आणि सुंदर रंगाची, क्रोम चकाकणारी, पण कागद अपुरे असलेली गाडी असेल तर निघून या, कितीही जीव अडकला तरी.

गाडी चालवत नसाल तेव्हा काय करता?

नुसती जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करत नाही, ती सगळ्यांत वाईट सवय. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जळून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑईलमध्ये साचतं. काढायची तर अर्धा तास तरी रस्त्यावर न्यायची. महिनाभर जमणार नसेल तर बॅटरी सोडवून ठेवतो, टायरात हवा थोडी वाढवतो, आणि हँडब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावतो, नाहीतर ब्रेकचे शू ड्रमला चिकटून बसतात.

आत बसून बघू का?

बसा की. दार ओढताना हँडल थोडं वर उचलून ओढा, बिजागरी सैल आहे. चोकच्या खुंटीला हात लावला तरी चालेल, आता इंजिन गरम आहे. आणि बसल्यावर आधी हात स्टेअरिंगवर ठेवून समोर बॉनेटच्या टोकाकडे बघा; तिथून दोन्ही दिव्यांचे उंचवटे दिसतात, गाडी नेमकी कुठे संपते ते कळतं.